अनुताईंचे अंगण

(नांदगाव पेठ, जि. अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



खेड्यातल्या शिक्षकाच्या जीवनावर बोला, अशी आज्ञा मला झाली आहे. आपल्या सभेत शिक्षकाचा विषय निघाला की साने गुरुजींचे नाव येते आणि ते यावेच. परंतु गुरुजी अमळनेरच्या शाळेत होते १९२४ पासून १९३० पर्यंत, अवघी सहा वर्षे. पुढे ते साऱ्या देशाचे झाले. मला आज अशा एका शिक्षिकेविषयी बोलायचे आहे, जी शाळा सोडून दुसरीकडे कोठे गेलीच नाही, शाळाच उचलून लोकांच्या दारी घेऊन गेली. अनुताई वाघ हे तिचे नाव. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि कोसबादच्या टेकडीवर तिने सत्तेचाळीस वर्षे काढली.

आपण म्हणाल, वऱ्हाडात येऊन ही कोकणपट्टीची कथा कशाला? तिचा एक धागा अमरावतीत आहे आणि दुसरा मेळघाटात. दोन्ही धागे मी पुढे दाखवीन. आणि तिसरा धागा आपल्या याच गावात आहे. तो आपणा सर्वांना रोज दिसतो, म्हणूनच बहुधा दिसत नाही.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळातल्या ब्राह्मण घरात अशा मुलीचे पुढे काय होत असे, हे सांगण्याची गरज नाही. या मुलीच्या वडिलधाऱ्यांनी तिला शिकू दिले एवढेच तिचे भाग्य. बाकी सारे तिने स्वतः केले. पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरीस काही वर्षे मास्तरकी केली, मग पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी मिळाली. नोकरी करीत करीत रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे पन्नाशी उलटल्यावर बी. ए. झाल्या. ही बाई जन्मभर विद्यार्थिनी राहिली, एवढे या तपशिलातून लक्षात घ्यावे आणि पुढे जावे. कारण आपले काम १९४५ पासून सुरू होते.

त्या वर्षी कस्तुरबांच्या स्मरणार्थ ग्रामसेविकांचे एक शिबिर मुंबईजवळ बोरिवलीस भरले होते. अनुताई तेथे शिकायला गेल्या आणि तेथे त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. हा तो अमरावतीचा धागा. ताराबाई मूळच्या मुंबईच्या केळकर, प्रार्थनासमाजी घरातल्या, १९१४ सालच्या पदवीधर. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही वर्षे त्या अमरावतीस नांदल्या. तो संसार टिकला नाही. मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, प्रथम राजकोटला, मग भावनगरला गिजुभाई बधेकांकडे. आणि तेथून हिंदुस्थानातल्या बालशिक्षणाचे एक नवे पर्व सुरू झाले. अमरावतीने ताराबाईंची आठवण फारशी ठेवलेली नाही. आपल्या शहराला आपले वकील बरोबर आठवतात, त्यांच्या बायका आठवत नाहीत. ते असो.

ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. माँतेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली काढले ते रोमच्या सॅन लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत, दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. तीच पद्धत हिंदुस्थानात आली तेव्हा सुबक लाकडी साधने, रंगीत ठोकळे आणि दरमहा भारी शुल्क असे रूप घेऊन आली. दादरच्या शिशुविहारात ताराबाई स्वतः मध्यमवर्गाची मुले शिकवीत होत्या. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली विद्या गरिबांच्या वस्तीत परत न्यायची, असे त्यांनी ठरविले आणि बोर्डी हे गाव निवडले. अनुताईंना त्यांनी बोलावले ते एका वर्षासाठी. पस्तीस वर्षांची, पुण्यात पक्की नोकरी असलेली ही शिक्षिका एका वर्षासाठी म्हणून गेली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी मृत्यूने सोडविले तेव्हाच त्या कामातून सुटली.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. या तारखेपाशी मी जरा थांबणार आहे. कारण आपण समाजवादी आहोत आणि तारखांचे शेजार आपण पाहिले पाहिजेत. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच मुलखात, उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची ती प्रसिद्ध परिषद झाली होती. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी वारली उठवला होता. वेठ बंद, लग्नगडी बंद, अशी घोषणा झाली होती. लग्नगडी म्हणजे लग्नापुरते कर्ज काढून नवराबायकोने जन्मभर सावकाराघरी राबायचे. ऑक्टोबरमध्ये तलवाड्यास जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसे मारली. त्या गोळीबारानंतर अडीच महिन्यांनी, तेथून फार दूर नसलेल्या बोर्डीत, दोन शिक्षिका बालवाडी उघडत होत्या.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या चळवळीत हा प्रश्न पुष्कळ दिवस भांडणाचा विषय होता. विधायक कामवाल्यांना लढा म्हणजे गलबला वाटे आणि लढेवाल्यांना बालवाडी म्हणजे मलमपट्टी वाटे. डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन नावे एका दमात घेतली, ती काही शोभेसाठी नव्हेत; परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी त्यातले एकच उचलले. मी स्वतः तुरुंग-मतपेटीवाल्यांपैकी. आज मला असे दिसते की, ज्या वारल्याच्या पाठीवरून लाल बावट्याने वेठ उतरवली, त्याच वारल्याचे पोर अनुताईंच्या शाळेत आले. वेठ उतरली नसती तर बापाने पोराला शाळेत धाडले असते काय? आणि पोर शाळेत आले नसते तर नुसत्या उतरलेल्या वेठीचे पुढे काय झाले असते? अनुताई जमिनीच्या प्रश्नावर फारशा बोलल्या नाहीत. हे त्यांचे न्यून मी झाकणार नाही. परंतु आपल्या ठरावांच्या वह्या काढून पाहा. शेतमजूर सापडेल, गिरणीकामगार सापडेल, सहा वर्षांखालचे मूल त्यात किती वेळा सापडते?

बोर्डीत बालवाडी उघडली खरी, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. गावातली खातीपिती मुले आली. हरिजनवाड्यातली, मजुरांची मुले लांबच राहिली. येथे दुसरे कोणी असते तर 'या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही' असे म्हणून मोकळे झाले असते. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर किती वेळा उच्चारलेही आहे. या बायकांनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचे, एखादे अंगण झाडून घ्यायचे, असतील तेवढी मुले गोळा करायची. त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे काढायची, मग गाणे, गोष्ट, खेळ. अंगणवाडी हा शब्द तेथे रुजला. आज सरकारच्या कागदावर तो इतका गुळगुळीत झाला आहे की, त्यात खरोखरचे अंगण आहे हे आपण विसरून गेलो.

साधनांचेही तसेच. माँतेसरीचे लाकडी ठोकळे परवडणारे नव्हते. मग चिंचोके, गुंजा, शिंपले, नदीतले गोटे, झाडाची पाने, बांबूची कांडकी. लहानमोठे, हलकेजड, खरखरीत आणि गुळगुळीत हे मुलाला कळायचे तर त्यासाठी इटलीहून ठोकळा आणण्याची जरूर नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती कळायला स्वतःचे डोके लागते आणि आपल्या मुलखाची लाज न वाटण्याचे धैर्य लागते.

पुढे दहा-अकरा वर्षांनी काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. तेथे नवाच प्रश्न पुढे आला. मुले मोठी होती, शिकण्याजोगी होती, पण मोकळी नव्हती. कोणी गुरे राखीत होता, कोणी धाकटे भावंड सांभाळीत होती. येथे मी माझीच एक गोष्ट सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा वय लहान आणि शिस्तीची हौस मोठी. वेचणीचे दिवस होते. वऱ्हाडात कापूस फुटला की घरातली बाई पहाटे ओटी बांधून जाते ती दिवस कलल्यावर येते, हे आपण जाणता. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी कडेवर वर्षाभराचा भाऊ घेऊन येऊ लागली. पोर रडे, वर्गात मुते, मुले हसत. चार दिवस मी पाहिले. पाचव्या दिवशी तिला म्हणालो, "बाई, शाळेत यायचे तर एकटी ये." तिने मान हलवली आणि गेली. मग ती आलीच नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे काही महिने रेघा मारल्या आणि नियमाप्रमाणे नाव कमी केले. नियमात माझे काहीच चुकले नव्हते. पुष्कळ वर्षांनी अनुताईंच्या कामाची हकिकत वाचली तेव्हा ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

कारण कोसबादला नेमका हाच प्रश्न आला होता आणि अनुताईंनी उत्तर दिले होते ते असे: भावाला घेऊनच ये. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण आपल्या इयत्तेत. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली अक्षरे गिरवली जात आहेत, ती कुरणशाळा. दिवसा जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी रात्रशाळा. हे सारे ऐकताना सोपे वाटते. मला मात्र त्यात एक फार कठीण गोष्ट दिसते. मुलाचे दारिद्र्य ही त्याची गैरहजेरी न समजता ते आपल्या वेळापत्रकातला दोष समजायचा. मी माझ्या साऱ्या नोकरीत हे केले नाही.

१९७३ च्या ऑगस्टअखेर ताराबाई गेल्या. त्यांच्या मागे सारा भार अनुताईंवर आला. त्यांनी तो वाहिला. सेविकांचे प्रशिक्षण, मासिके, पुस्तके, पुढे दाभोणच्या जंगलातले काम. १९८४ साली पद्मश्री मिळाली. 'कोसबादच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन आपल्या वाचनालयात असेल तर जरूर काढून वाचा. नसेल तर आणवा.

आता दुसरा धागा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. साऱ्या देशात मिळून तेहेतीस प्रकल्प होते. महाराष्ट्रात ती योजना प्रथम पोचली ती मुंबईच्या धारावीत आणि आपल्या धारणीत. म्हणजे अमरावतीहून बाहेर पडलेल्या एका बाईने समुद्रकाठी जे बी पेरले, ते तीस वर्षांनी सरकारी योजनेचे नाव घेऊन मेळघाटात परत आले. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. जगात इतके मोठे काम थोडेच असेल आणि त्याचा मान या दोघींकडे जातो.

परंतु बी जसे होते तसे झाड आले का? सरकारने अनुताईंचे अंगण घेतले, त्यांची खिचडी घेतली, वजनकाटा आणला, लसीकरण आणले. हे सर्व आवश्यक होते. धारणी-चिखलदऱ्यात बालमृत्यूंनी जे हाहाकार माजवले ते आपण विसरलेलो नाही. पण एक गोष्ट सरकारने फार सोयीने उचलली. ती म्हणजे अनुताईंचा त्याग. अनुताई सेवाभावाने राहिल्या, तेव्हा अंगणवाडीत काम करणारी प्रत्येक बाई सेवाभावानेच काम करील, असे गृहीत धरले. तिचे नाव शिक्षिका ठेवले नाही, सेविका ठेवले. तिला पगार दिला नाही, मानधन दिले. प्रारंभी मॅट्रिक झालेलीला महिना दीडशे रुपये, न झालेलीला शंभर.

हा वऱ्हाड आहे. येथे सेवा हा शब्द हलका नाही. याच जिल्ह्यात शेंडगावी गाडगेबाबा जन्मले, याच मार्गावर पुढे मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. म्हणून हा शब्द कोण कोणाला सांगतो, याकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. बाबांनी खराटा स्वतःच्या हाती घेतला. दुसऱ्याच्या हाती देऊन त्याची मजुरी कापली नाही. अनुताईंनी स्वतःची पक्की नोकरी सोडली. दुसऱ्या कोणा बाईला नोकरीचे हक्क सोड असे त्या म्हणाल्या नाहीत. ज्याने स्वतःहून दिले त्याचे ते देणे. तेच देणे आदेश काढून लक्षावधी बायकांकडून वसूल करायचे, याला मराठीत वेठ म्हणतात. झरीच्या परिषदेत ती बंद झाल्याचे आपण मघाशीच ऐकले.

मानधन कोणाला देतात? कीर्तनकाराला, पाहुण्या व्याख्यात्याला. रोज ठरल्या वेळी येऊन महिनाभर काम करणाऱ्याला जे मिळते त्याला पगार म्हणतात आणि म्हातारपणी त्याला निवृत्तिवेतन मिळते. अंगणवाडी सेविकेचे काम मोजून पाहा. मुलांना शिकवणे आहेच. आहार, वजन, उंची, गरोदर बायांच्या भेटी, पोलिओचे डोस, मतदारयाद्या. २०२१ पासून मोबाईलवर पोषण ट्रॅकर. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज आले, ते भरायलाही हीच बहीण. केंद्र सरकारने तिच्या मानधनातला आपला वाटा ऑक्टोबर २०१८ मध्ये साडेचार हजार केला. राज्य आपल्या परीने भर घालते, तीही बहुधा संप झाल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप दीड महिन्याहून अधिक चालला. तेव्हा पुष्कळ सज्जन माणसे म्हणाली, "लहान मुलांचा खाऊ बंद करून संप? अनुताई वाघांना काय वाटले असते?" हा प्रश्न ऐकून मला संताप आला आणि खरे सांगायचे तर आजच्या या भाषणाचा विचार तेव्हाच मनात आला.

न्यायालयाचे म्हणाल तर २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, कर्नाटकातल्या खटल्यात, या बायका सरकारी पदधारक नाहीत असे म्हटले होते. परंतु एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात, न्या. रस्तोगी आणि न्या. ओक यांनी त्यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि शिक्षणहक्क कायद्याने अंगणवाडीवर कर्तव्ये टाकली आहेत, तेव्हा त्यांचे काम अर्धवेळ किंवा हौशी म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. येथल्या प्रत्येक कार्यकर्त्याजवळ या निर्णयाची प्रत असली पाहिजे. निवृत्त होणाऱ्या सेविकेला पुष्कळदा त्याची माहितीच नसते.

आणि जे झाड वाकडे वाढले त्याचा दुसरा भाग असा. नोंदवह्या आणि मोबाईल यांतून उरलेल्या वेळात शिकवायचे, असे झाल्यावर अंगणवाडीतले शिक्षण मागे पडले. मग ज्याला महिना पाचसातशे रुपये देणे शक्य आहे तो आपले तीन वर्षांचे मूल गाडीत बसवून कॉन्व्हेंटला धाडतो. ज्याला शक्य नाही त्याचे मूल अंगणवाडीत. ताराबाईंनी जे कुंपण मोडले ते आपण पुन्हा घातले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अंगणवाडीला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरले आहे. पायाचे काम करणाऱ्या बाईला मात्र अजून शिक्षिका म्हणवत नाही.

आता तिसरा धागा, या गावचा. नांदगाव पेठ हे महामार्गावरचे गाव. पलीकडे औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, वीजकेंद्र आहे. अलीकडे अजून कापूस आणि सोयाबीनची शेते आहेत. येथली बाई कारखान्यात पाळीवर जाते, नाही तर वेचणीला जाते. अंगणवाडी दिवसाचे काही तास भरते. आई बाहेर असते त्याच्या दुपटीहून अधिक. मधल्या वेळात तान्ह्याला कोण सांभाळते? माझ्या वर्गातली ती मुलगी. तिचे नाव आता हजेरीपटावरून कमी होत नाही, कायद्याने तशी सोय ठेवलेली नाही. पण ती वर्गात असते काय, हे वेचणीच्या दिवसांत जाऊन पाहा.

मागण्याजोगे पुष्कळ आहे. प्रसूतिलाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. वसाहतीतल्या किती ठिकाणी ते आहे, आणि असेल तर त्यात मुले आहेत की रिकामी खोकी, हे आपल्या कामगार शाखेने दारोदार जाऊन लिहून आणावे. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना आहे. तिच्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येते. ग्रामसभेत तो ठराव यावा. ठराव मांडताना मात्र एक अट त्यात लिहा: पाळणाघराचे काम आहे त्याच सेविकेच्या गळ्यात बांधायचे नाही, त्यासाठी वेगळी बाई आणि वेगळा पगार.

हे सर्व करण्याआधी एक सोपे काम आहे. येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या वस्तीतली अंगणवाडी आतून पाहिली आहे? हात वर करू नका, मला उत्तर नको. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल. त्याआधी एके दिवशी सकाळी जा आणि अंगणवाडी सुटेपर्यंत तेथे बसा. छप्पर गळते का, पाणी कोठून आणतात, वजनकाटा चालतो का, सेविका किती वेळ मुलांशी बोलते आणि किती वेळ मोबाईलशी, हे पाहा. तिला विचारा की बाई, तुम्हाला शिकवायला काय लागेल. चिंचोके लागतील म्हणाली तर ते आपल्या घरी पुष्कळ आहेत.